पाटलीणबाईंचे शेपटीवाले जावई

फार पूर्वी, जेव्हा वानरं रानात राहत आणि माणसं आपापल्या घरी, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गाव लहान, पण पाहुणचारात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत दुसरं नव्हतं. नुसती वाट विचारायला आलेला माणूसही तिथून जेवल्याशिवाय सुटत नसे.

त्या गावच्या पाटलीणबाईंना देवानं सगळं दिलं होतं. मुलगे दिले, सुना दिल्या, पण लेक दिली नाही. लेक नाही म्हणजे जावई नाही. अधिक महिना आला की घरोघरी जावयांची ताटं सजत आणि पाटलीणबाई आपल्या तुपाच्या बुधलीकडे बघून सुस्कारे टाकत.

एकदा राजधानीहून एक शास्त्रीबुवा आले. पशुपक्ष्यांचा अभ्यास हा त्यांचा नाद. ते रानात झाडांखाली मान वर करून बसले आणि मान आखडली तेव्हा आडवे पडून बघू लागले. शेवटी त्यांनी गाव पारावर गोळा केलं.

"मंडळी, हे चंदेरी शेपटीचं वानर आता दुसरीकडे कुठेच उरलेलं नाही. आहे ते फक्त तुमच्या रानात. याला जपा!"

"जपतो की!" गाव एका सुरात म्हणालं.

शास्त्रीबुवा खूश होऊन राजधानीला गेले. कसं जपणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि कसं जपायचं, हे गावानंही विचारलं नाही. आपल्याकडे मोठाले घोटाळे बहुधा असेच, सगळ्यांच्या संमतीनं होतात.

गावाला जपण्याची एकच रीत ठाऊक होती. पाटलीणबाईंनी ती जाहीर करून टाकली. "जपायचं तर जावयासारखं जपायचं!"

मग घरोघरी वानरं वाटून दिली. पाटलीणबाईंच्या वाट्याला कळपाचा म्होरक्या आला, एक कान फाटलेला. त्यांनी पाट मांडला, रांगोळी घातली, पुरणपोळीवर तुपाची धार धरली. "संकोच करू नका हं, जावईबापू."

जावईबापूंनी संकोच केला नाही. पोळी खाल्ली, तूप चाटलं, रांगोळी पुसली आणि पाट उचलून आढ्यावर नेला.

"रुसले वाटतं," म्हणत पाटलीणबाईंनी आणखी एक पोळी वाढली. आयुष्यात एवढं सुख त्यांना कधी झालं नव्हतं.

बघता बघता वानरं रान विसरली. तूप कमी पडलं तर ताट भिरकावू लागली. पोटं सुटली आणि झाडावर चढताना धाप लागू लागली. आणि रोज एवढं पुरण शिजवायचं म्हणजे सरपण हवं. ते रानाच्या कडेच्या जांभळी तोडून आणलं जाई.

वर्षानं शास्त्रीबुवा परत आले. ओसरीवर पसरलेला कळप बघून ते दारातच थबकले.

"पाटलीणबाई, ही वानरं आहेत की लोड?"

"दृष्ट लावू नका!" पाटलीणबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, जपा."

"जपा म्हणालो, जेवू घाला म्हणालो नाही!"

"आमच्याकडे दोन्ही एकच."

तेवढ्यात कुंपणापाशी बिबट्या दिसला. एकच गलका झाला. वानरं धापा टाकत रानाकडे पळाली आणि बिबट्या त्यांच्या मागे. बाकीची कशीबशी झाडांवर चढली. जावईबापूंनी मात्र जुन्या सवयीनं पहिल्या झाडावरून पुढच्या जांभळीवर झेप घेतली. तिथं जांभूळ नव्हतीच. ते धपकन बिबट्यापुढे पडले.

पाटलीणबाई परात आणि लाटणं घेऊन धावल्या. "मेल्या, माझ्या जावयावर डोळा ठेवतोस?" अशी गर्जना करत त्यांनी परात बडवली. बिबट्यानं रानात खूप काही पाहिलं होतं, पण सासू पाहिली नव्हती. तो शेपूट घालून पळाला.

जावयाला मांडीवर घेऊन पाटलीणबाईंनी वर बघितलं. झाडांच्या रांगेत मोकळं आभाळ दिसत होतं. तिथली जांभूळ त्यांच्याच चुलीत गेली होती. त्यांना रडू कोसळलं.

"बुवा, ह्याला खाऊ घालायला मी ह्याचंच घर जाळलं की हो!"

शास्त्रीबुवाही खाली बसले. "चूक माझीही आहे. उपदेश केला आणि निघून गेलो. आता मी इथंच राहतो. झाडं पुन्हा लावू. पण ती वाढेपर्यंत वानरांनी फांदीवरून फांदीवर जायचं कसं?"

यावर गावातल्या बायकांनी नागपंचमीच्या झोक्यांचे दोर आणून दिले. वानरांच्या जुन्या वाटा शास्त्रीबुवांनी दाखवल्या आणि तोडलेल्या झाडांच्या जागी गावकऱ्यांनी या फांदीपासून त्या फांदीपर्यंत दोर बांधले. ते भार पेलतात का, हे बघायला आधी शास्त्रीबुवांनाच त्यांवर लटकवलं.

मग आली खरी परीक्षा. दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू दारात येऊन हात पुढे करून बसले. त्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलं नव्हतं. पाटलीणबाईंनी दार लावलं आणि दाराला पाठ टेकून बसल्या.

जावईबापूंनी दार बडवलं. वाळत घातलेलं लुगडं फाडलं. कौलं उपसून शास्त्रीबुवांच्या दिशेनं भिरकावली.

"बाई, उघडू नका!" अंगणातून बुवा ओरडले. "आय आय! तरीही उघडू नका!"

आत पाटलीणबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या. एकदा त्यांचा हात कडीवर गेलासुद्धा. मग तो धपकन पडल्याचा आवाज आठवला आणि त्यांनी हात मागे घेतला. दुपारी जावईबापू कंटाळले आणि दोर धरून रानाकडे गेले.

पुढच्या वर्षी आतल्या रानात जांभळं पिकली, तेव्हा पाटलीणबाई शास्त्रीबुवांना घेऊन तिथं गेल्या. जावईबापू उंच शेंड्यावर बसले होते, चांगले सडपातळ झालेले. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. हात काही पुढे केला नाही. एक लांब झेप घेतली, बरोबर त्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर आले आणि जांभळाच्या बिया पचापच खाली थुंकल्या. पाटलीणबाईंचा नवा पदर जांभळा झाला.

"रागावलात?" शास्त्रीबुवांनी भीत भीत विचारलं.

पाटलीणबाई एकेक बी पदरात गोळा करत होत्या. तोडलेल्या जांभळीच्या जागी त्या लावायच्या होत्या. डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

"रागावू कशाला? लोकांचे जावई घेऊन जातात. आमचे बघा, देऊन गेले!"

तात्पर्य: ज्याला जपायचं, त्याचं ताट वाढण्याआधी त्याचं घर शाबूत आहे का, ते बघावं.