तिसऱ्या पिकाचा कौल

बंदराचे ते दोन बुरूज बघून झाले असतील, तर जरा इकडे सावलीत या. तिथे उन्हात उभं राहून सगळे मला त्या मोठ्या आरमारी लढाईचंच विचारतात. अहो, ती लढाई साडेचारशे वर्षांपूर्वीची, म्हणजे काल-परवाचीच. आमच्या गावाचं नाव तिच्या कितीतरी आधीचं आहे. नाफ्पाक्तोस. जुन्या भाषेत अर्थ अगदी सरळ आहे: नावा बांधायची जागा. कुणी बांधल्या, कशासाठी बांधल्या, हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलं नाही. म्हणून मी आता कुणी विचारायची वाट बघत नाही, सांगूनच टाकतो. माझं नाव लाम्ब्रोस. जन्मभर होड्या दुरुस्त केल्या. गावात मला बार्बा म्हणतात, म्हणजे काका. तुम्हीही म्हणा.

पाण्यापलीकडे डोंगर दिसतात ना, तो पेलोपोनीज. नुसत्या हातांनी सिंह मारणारा हेराक्लिस तुम्हाला ठाऊक असेल. तो मुलूख त्याच्या घराण्याचा, असं सांगतात. पण तो गेला आणि तिथे गादीवर बसलेल्या त्याच्या भाऊबंदाने त्याच्या मुलाबाळांना हाकलून दिलं. एवढ्या मोठ्या वीराची पोरं, पण गावोगाव आसरा मागत फिरली. ज्या गावाने दार उघडावं, त्या गावाला राजाची धमकी यायची, की चालले पुढे.

थोरला मुलगा हिलोस. तो डेल्फीला अपोलोच्या देवळात कौल लावायला गेला. तिथे देवाच्या वतीने पुजारीण बोलते. हिलोसने विचारलं, आम्ही घरी परत कधी जाणार? कौल मिळाला, "तिसऱ्या पिकाची वाट पाहा."

आता यातून तुम्ही काय समजाल? मीसुद्धा तेच समजलो असतो. हिलोसने तीन सुगी जाऊ दिल्या आणि तिसरं धान्य खळ्यावर आल्याबरोबर फौज घेऊन निघाला. सीमेवर शत्रूच्या एका वीराशी त्याचं द्वंद्व झालं. त्यात तो मारला गेला. मग त्याचा मुलगा गेला, तोही परत आला नाही. नातू अरिस्तोमाखोस शहाणा. त्याने पुन्हा कौल लावला. या खेपेला पुजारीण म्हणाली, "अरुंद वाटेने जा, जय तुमचाच." इथून पूर्वेला दोन समुद्रांच्या मधे जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. तीच ती वाट, यात शंका घेण्यासारखं काय होतं? तो त्या वाटेने गेला. तिथेच पडला.

त्याची बायको अग्लाया. तीन मुलगे पदरात, आणि एक आईबापांविना राहिलेला पुतण्या, हिप्पोतीस. चौघांनाही तिने एकाच ताटात जेवू घालून मोठं केलं. जो मुलूख तिने स्वतः कधी पाहिला नव्हता, त्याच्या गोष्टी सांगून त्यांना झोपवलं. थोरला तेमेनोस हत्यार धरण्याजोगा झाला, तेव्हा पुन्हा कौल लावायचं ठरलं. अग्लाया म्हणाली, "या वेळी मीही येते. तुम्ही पुरुष ऐकता आणि निघता."

देवळात पुजारिणीने पुन्हा तेच सांगितलं. तिसरं पीक, अरुंद वाट. शब्दसुद्धा बदलला नाही. तेमेनोस मान खाली घालून उठू लागला. आईने त्याला दंड धरून खाली बसवलं.

"बाई," ती पुजारिणीला म्हणाली, "तुमचं ऐकून माझा आजेसासरा गेला. तुमचं ऐकून माझा नवरा गेला. आता हा बसलाय समोर. पीक म्हणजे कसलं पीक? नीट सांगा. त्याशिवाय मी उठणार नाही."

पुजारीण म्हणे तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "शेतातलं नव्हे, कुशीतलं. हिलोसपासून तिसरी पिढी. आणि वाट जमिनीची नव्हे, पाण्याची."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तेव्हा कुणी विचारलं नाही."

अग्लायाला रडावं की ओरडावं कळेना. तिसरी पिढी तिच्या शेजारीच बसली होती. आणि अरुंद पाणी म्हणजे हे, तुमच्या पुढ्यातलं. इथून थोडं पश्चिमेला दोन्ही किनारे किती जवळ येतात, ते तुम्ही येताना पुलावरून पाहिलंच असेल. शंभर वर्षं ही माणसं लांबून वळसा घालून मरत होती.

मग सगळा गोतावळा या किनाऱ्यावर उतरला. डोंगरातली झाडं तोडली आणि इथे नावा बांधायला घेतल्या. तेव्हापासून हे नाव पडलं. गोष्ट इथेच संपली असती, तर माझं काम सोपं झालं असतं.

नावा तयार होत आल्या असताना छावणीत एक भटका जोशी आला. त्याचं नाव कार्नोस. हातात ना भाला ना सुरी. नावांच्या मधून फिरत तो काहीतरी कोड्यात गुणगुणत होता. कुणी म्हणालं, शत्रूचा हेर आहे. कुणी म्हणालं, मंत्र घालतोय. हिप्पोतीसने त्याला विचारलं, "काय म्हणतोस ते सरळ सांग." जोशी हसला आणि पुन्हा तीच ओळ म्हणू लागला. लहानपणापासून या घरात कोड्यांपायी माणसं मेल्याचं हिप्पोतीस ऐकत आला होता. त्याचा संयम सुटला. त्याने भाला फेकला. जोशी जागीच कोसळला.

त्यानंतर वादळ आलं आणि सगळ्या नावा फुटल्या. धान्य संपलं, माणसं तापाने मरू लागली. तेमेनोस पुन्हा डेल्फीला पळाला. पुजारीण म्हणाली, तो जोशी देवाचा माणूस होता. मारणाऱ्याला दहा वर्षं हद्दपार करा. जोश्याची पूजा करा. आणि तीन डोळ्यांच्या माणसाला वाटाड्या करा.

"तीन डोळ्यांचा!" अग्लायाने कपाळावर हात मारला. "आता हा कुठे शोधायचा?" पण तिच्या मनात ते नव्हतंच. हद्दपार करायचा तो तिनेच वाढवलेला मुलगा होता. हिप्पोतीसने काही विनवण्या केल्या नाहीत. चुलतीच्या पाया पडला आणि डोंगराच्या वाटेने निघून गेला. ती पुरुषभर उंच कातळावर बसून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

पुढे काही दिवसांनी त्याच वाटेने एक घोडेस्वार उतरला. ओक्सिलोस त्याचं नाव. बाणाने त्याचा एक डोळा गेलेला. शिपाई त्याला हटकू लागले, तेव्हा अग्लायाच ओरडली, "थांबा! घोड्याचे दोन आणि याचा एक. किती झाले?" त्या माणसाला पलीकडचा मुलूख तळहातासारखा ठाऊक होता.

नावा पुन्हा बांधल्या. निघायच्या दिवशी तेमेनोसने आईला हात दिला. तिने तो घेतला नाही.

"तुम्ही व्हा पुढे. माझा एक बाहेर आहे."

"आई, अगं जन्मभर ह्याच दिवसाची वाट पाहिलीस ना?"

"पाहिली. आता त्याची पाहते."

ते गेले, जिंकले. तेमेनोस आर्गोसचा राजा झाला. दर वर्षी तो आईसाठी नाव पाठवायचा, दर वर्षी ती रिकामी परतायची. अग्लाया इथेच जोश्याच्या थडग्यापाशी दिवा लावत राहिली. शिक्षा संपली, तेव्हा हिप्पोतीस त्याच डोंगराच्या वाटेने खाली आला. केस पिकलेले, एक पाय लंगडा. तिने त्याला मिठी मारली नाही, असं सांगतात. म्हणाली, "किती उशीर केलास! चल, नाव थांबलीय. आणि वाटेत कुणाला कौल विचारायचा नाही."

आजही आमच्याकडे नवी होडी पहिल्यांदा पाण्यात जाते, तेव्हा घरातली एक वडीलधारी बाई किनाऱ्यावर राहते. होडी पलीकडे जाऊन येते आणि खास तिला न्यायला दुसरी खेप करते. चढताना तिने उशीर झाला म्हणून चारचौघांत रागवायचं असतं. रीतच आहे. गेल्या वर्षी पुतण्याच्या होडीत चढताना माझी बायको इतकी रागावली, की त्याची नवी नवरी घाबरून रडायलाच लागली. पण होडीत बसल्यावर तिने त्या पोरीचा हात धरला, तो पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही.