डोणीतला निळा

“याच्याहून मवाळ मासा असतो का हो, बुवा?”

विश्वंभरच्या तळहातावर एक लाल प्लॅटी मरून पडली होती. शेपटीच्या जागी नुसता दोरा उरला होता.

गुणाकरबुवा ओसरीवर बसून शेंगा सोलत होते. त्यांची नजर अधू झाली होती. त्यांनी बोटाने मासा चाचपला आणि पुन्हा शेंग उचलली.

तापीकाठच्या त्या मठात तेव्हा तिघेच राहत. स्वतः बुवा. तारुण्यापासून त्यांची सेवा करणारा विश्वंभर. आणि होळीनंतर आलेले काशिराम बोरसे, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मिस्त्री. बुवांच्या मागे मठ विश्वंभरने सांभाळायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण मठ एकट्या माणसाने चालत नाही, हेही ठाऊक होतं.

दालनातली काचेची मोठी पेटी एका भाविकाने दिलेली. तिच्यातल्या माशांचं सगळं विश्वंभर बघे.

“तूच निवडून आणली होतीस ना ही?” बुवांनी विचारलं.

“पारखून आणली. मी उगाच काहीही उचलत नाही, बुवा. ज्याच्या तोंडात दुसरा मावेल, तो घेत नाही. दुसऱ्यांचे पर कुरतडणारा घेत नाही. टेट्रा एकटेदुकटे बिचकतात, म्हणून त्यांचा थवाच आणला. कोणी तळाशी राहणारे, कोणी मधल्या पाण्यात, कोणी वर. सगळ्यांना सारखंच कोमट पाणी मानवतं. शहरातला दुकानदारसुद्धा म्हणाला, महाराज, माझ्याकडचे मासे तुम्हीच मांडून द्या.”

“मग?”

“मग काय... नवा आला की तो निळा त्याला कोपऱ्यात दाबतो. खाऊ देत नाही. चार दिवसांत खलास.”

निळा म्हणजे निळा गुरामी. हाताच्या बोटाएवढा, चपटा. पेटी मठात आली तेव्हापासूनचा.

“निळा वाईट आहे?”

“छे, छे! माझ्या हातातून खातो. शिस्तीचा आहे हो बिचारा. त्याची जागा ठरलेली, फेरी ठरलेली. नव्यांनाच कळत नाही, कुठं जायचं नि कुठं नाही. म्हणून विचारतो, अगदीच मवाळ असा एखादा...”

बुवांनी आणखी दोन शेंगा फोडल्या. टरफलांचा आवाज तेवढा होत राहिला.

“तिघे गेले,” ते म्हणाले.

“जास्त गेले, बुवा. ही आजची धरून...”

“मी माशांचं म्हणत नाही.”

विश्वंभरने मूठ मिटली.

काशिरामांच्या आधी तिघे जण मठात राहायला आले होते. एक निवृत्त तलाठी, एक शहाद्याकडचा तरुण, एक कीर्तनकार. तिघेही वळकटी बांधून परत गेले होते.

“ते इथले नव्हते,” विश्वंभर म्हणाला.

“आणि काशिराम?”

“माणूस भला आहे. पण जमायचे नाहीत. पाणी पिऊन झालं की तांब्या पालथा घालत नाहीत. आधी चूल पेटवतात, मग झाडतात. आरतीत सगळ्यांच्या एक ओळ पुढं.”

“ऐकू येतंय बरं का!” अंगणातून काशिराम ओरडले. ते रहाटाला तेल देत होते. “जन्म डेपोत गेला माझा. गाडी पुढंच काढायची सवय!”

बुवा हसले. विश्वंभर हसला नाही.

“आमचे डेपो मॅनेजर लई कडक होते, बुवा,” काशिराम म्हणाले, “पण संध्याकाळी घरी तरी जायचे.”

आता बुवाही हसले नाहीत.

“विश्वंभर, निळ्याला बाहेर काढ.”

“निळ्याला?”

“अंगणातल्या पाण्याच्या दगडी डोणीत ठेव. वर जाळी घाल, खंड्या टपलेला असतो.”

“पण बुवा, तो तर सगळ्यात जुना...”

“हं.”

“त्याला कसली शिक्षा?”

“शिक्षा कोण करतंय? त्याला खायला घालत जा.”

निळा डोणीत गेला. पेटीत नव्या प्लॅटी आल्या. पहिला दिवस त्या एकमेकींना चिकटून राहिल्या. मग एक झाडाच्या मुळाआड गेली, एक दगडावर शेवाळ टोचू लागली. टेट्रांचा थवा आधी मागच्या काचेला लागून असे, तो मधल्या पाण्यात उतरला.

विश्वंभर सकाळ-संध्याकाळ डोणीपाशी जाई. जाळी उचलून चिमूटभर खाणं टाकी आणि बराच वेळ तिथेच वाकून उभा राही.

काशिरामांनी एकदा विचारलं, “दादा, करमतं का हो त्याला?”

विश्वंभरने पालथा न घातलेला तांब्या उचलून पालथा घातला.

चैत्र सरत आला तेव्हा बुवा म्हणाले, “आण आता त्याला.”

विश्वंभरने निळ्याला डोणीतल्या पाण्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतलं. पिशवीचं तोंड बांधून ती पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवली. दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होईपर्यंत सोडायचं नसतं.

निळा पिशवीत फिरला. तोंड प्लॅस्टिकला लागलं. वळला. पुन्हा लागलं.

बाहेरून एक प्लॅटी आली. तिने त्याला पाहिलं. आणखी एक आली. मग टेट्रांचा अख्खा थवा आला, पिशवीभोवती थोडा थांबला, आणि आपल्या वाटेने निघून गेला.

“ओळखत नाहीत याला,” विश्वंभर म्हणाला.

“हं.”

“घर याचं आहे, बुवा.”

“हं.”

“निदान त्या मुळाआडची जागा तरी...”

“सोड त्याला.”

विश्वंभरने गाठ सोडली. निळा बाहेर आला आणि सरळ मुळाकडे गेला. तिथे एक प्लॅटी होती. ती हलली नाही. निळा तिच्यासमोर थांबला... परतला... वरच्या कोपऱ्यात जाऊन काचेला लागून राहिला.

विश्वंभर काचेपाशी वाकला. “केवढासा झालाय हो हा.”

“तेवढाच होता,” बुवा म्हणाले.

मागे पावलं वाजली. काशिराम दारात उभे होते. अंगावर धुतलेला सदरा, खांद्यावर वळकटी.

“येतो, बुवा. शिरपूरची गाडी आहे.”

“काय झालं, काशिराम?”

“काही नाही. रहाटाला तेल दिलंय, दोन-तीन महिने बघायला नको.”

“ते नाही विचारलं.”

काशिरामांनी विश्वंभरकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. “दादांची काही चूक नाही. पण मंडळी गेल्यापासून मी जिथं जावं तिथं पाहुणा. पोराकडं पाहुणा. वाटलं, इथं तरी... पाहुण्यानं किती दिवस राहावं, बुवा?”

पेटीतल्या पंपाचे बुडबुडे तेवढे वर येत होते.

विश्वंभर पेटीकडे बघत होता. वरच्या कोपऱ्याकडे.

“बुवा,” तो हळूच म्हणाला, “यांना थांबायला सांगा.”

“तू सांग.”

विश्वंभरने तोंड उघडलं. शब्द निघाला नाही. इतक्या वर्षांत त्याने मठात कोणाला थांबायला सांगितलं नव्हतं. कसं राहायचं, तेवढं सांगितलं होतं.

बुवा उठले. भिंत चाचपत दारापर्यंत आले. हाताने काशिरामांचा खांदा शोधला आणि त्यावरची वळकटी काढून घेतली. मग वळून विश्वंभरचा खांदा शोधला आणि वळकटी त्यावर ठेवली.

“अहो बुवा, हे काय करताय!” काशिराम पुढे झाले.

“तुम्ही बसा. चूल पेटवायची वेळ झालीय. झाडा हवं तर मागून.”

विश्वंभर तसाच उभा राहिला. दुसऱ्याच्या अंथरुणाचा वास त्याच्या नाकाशी आला.

“बुवा... मी जाऊ?”

“शिरपूरची गाडी आहे.”

“मठाचं काय? तुमच्या डोळ्यांत औषध कोण घालणार?”

“काशिराम घालतील. एक थेंब इकडं तिकडं पडेल.”

विश्वंभरचे डोळे भरून आले. रागाने की कशाने, ते त्यालाही कळलं नसावं. त्याने वाकून बुवांच्या पायांना हात लावला. मग काशिरामांसमोर क्षणभर थांबला... आणि पायरी उतरला.

अंगणात डोणी रिकामी होती. जाळी बाजूला पडली होती. तिथून त्याने वळून विचारलं,

“परत आलो, तर?”

बुवा दारात उभे होते. त्यांना अंगणात कोण कुठे आहे ते दिसत नव्हतं. ते आवाजाच्या दिशेने म्हणाले,

“दार वाजव.”