चूक आमचीच असली तर?

एकदा एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा तरुण शिष्य परदेशातल्या एका विमानतळावर गाडी भाड्याने घ्यायला उभे होते. डोंगरापलीकडच्या गावात आचार्यांचा बालमित्र अंथरुणाला खिळला होता. तिकडे बस जात नव्हती. आचार्यांचे डोळे अधू. म्हणजे गाडी चालवायची ती शिष्यानेच.

शिष्य कॉलेज अर्धवट सोडून आलेला. मित्राचा टेम्पो चालवून त्याचा हात चांगला बसला होता; पण शेजारी वडीलधारे माणूस बसले की त्याला घाम फुटे. घरची गाडी पहिल्यांदा बाहेर काढताना त्याने ती फाटकाला घासली होती. वडिलांनी तो ओरखडा कधी रंगवूनच घेतला नाही. मोठ्यांना काही गोष्टी दुरुस्त करण्यापेक्षा दाखवायला जास्त आवडतात. पाहुणा आला की चहाच्या आधी ओरखडा. "हे आमच्या चिरंजीवांचं कर्तृत्व!" मग सगळे हसत. आईसुद्धा.

खिडकीपलीकडची बाई विम्याचे प्रकार समजावू लागली. स्वस्तातला घेतला, तर नुकसानीचा बराच भार गिऱ्हाइकावर. महागातला घेतला, तर काच, टायर, पत्रा, सगळे त्यात आले.

"स्वस्तातला बस झाला," शिष्य म्हणाला. "मी जपून चालवीन."

विमानतळावरचा चहा महाग म्हणून सकाळपासून नुसत्या पाण्यावर राहिलेल्या आचार्यांनी मान पुढे काढली आणि एकच प्रश्न विचारला. "चूक आमचीच असली तर?"

"तरीही महागातल्यात भरपाई आहे," बाई म्हणाली. "फक्त पिऊन चालवायची नाही."

"मग महागातलाच द्या."

शिष्याची कानशिले तापली. गाडी रस्त्याला लागेपर्यंत त्याने कसाबसा दम धरला. "म्हणजे मी ठोकणारच, हे तुम्ही धरूनच चाललात! तुम्हीही माझ्या वडिलांसारखेच निघालात, गुरुजी."

"पुढे बघ," आचार्य म्हणाले. "इथे उजवीकडून चालवतात."

घाटात रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, बुटक्या भिंतींसारखे. एका वळणावर समोरून द्राक्षे भरलेला ट्रॅक्टर आला. शिष्याने गाडी कडेला दाबली आणि खर्रर्र असा आवाज झाला. त्याने गाडी गडग्यापासून जरा बाजूला घेऊन इंजिन बंद केले. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो वाट पाहू लागला. आता बोलणी येतील: सांगितलं होतं ना. मला माहीतच होतं.

आचार्य उतरले, गडग्याच्या बाजूला वाकून पाहिले, दरवाजावरून बोट फिरवले आणि परत येऊन बसले.

"चल."

"बोला ना एकदा! काय बोलायचं ते बोलून टाका."

"काय बोलू? त्याचे पैसे मी आधीच भरलेत." आचार्यांनी पट्टा लावला. "बाळा, तुझ्यावर विश्वास नसता, तर हे म्हातारं शरीर तुझ्या शेजारी बसवलंच नसतं. ज्याला एकदाही चुकायची मुभा नाही, तो रस्ता बघत नाही; शेजारच्याचं तोंड बघतो. तू सकाळपासून माझं तोंड बघतोयस. आम्ही घराचा विमा काढतो, दागिन्यांचा काढतो, स्वतःच्या मरणाचाही काढतो. पोराच्या चुकीचा मात्र काढत नाही. तेवढी एक गोष्ट आम्हाला परवडत नाही."

शिष्य चिडून म्हणाला, "हे तिथेच सांगायचं होतं!"

"सांगायला हवं होतं," आचार्य म्हणाले. "तेवढी चूक माझी."

मागून ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला. तो केव्हाच पलीकडे गेला होता आणि रस्ता मोकळा असल्याची खूण करत होता. शिष्याने इंजिन सुरू केले. उरलेल्या घाटात त्याने शेजारी एकदाही पाहिले नाही, आणि आचार्यांना तर गाढ झोप लागली. दिवस मावळायच्या आत म्हातारे मित्र एकमेकांचे हात धरून बसले होते.

परतताना त्याच खिडकीशी शिष्याने आपण होऊन दरवाजा दाखवला. "हे माझ्याकडून झालं."

बाईने ओरखडा पाहिला, नोंद केली, किल्ली घेतली आणि हसून विचारले, "प्रवास कसा झाला?"

 हा प्रश्न शिष्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"छान झाला," तो म्हणाला. "मी चालवली."

तुमच्या घरी असा एखादा ओरखडा जपून ठेवला असेल, तर आजच रंगवून घ्या.