नावाचं वजन

नगरपालिकेच्या नव्या वेबसाइटचं उद्घाटन होतं. नगराध्यक्ष रणनवरेसाहेबांच्या हुकमावरून प्रत्येक पानावर त्यांचं नाव घातलेलं होतं. भरल्या सभागृहात साहेबांनी स्वतःच्या हातानं शोधलं, 'रणनवरे रस्ते'. त्यांचं भाषण वर यायला हवं होतं. पडद्यावर सगळ्यात वर आली ती लोकांनी खड्ड्यांबद्दल केलेली तक्रार. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

साहेबांनी वेबसाइट बनवणाऱ्या नूतन गायधनीला पुढे बोलावलं. "माझं भाषण कुठाय?"

"खाली आहे, साहेब. थोड्याच पानांवर सापडणाऱ्या शब्दाला शोधयंत्रणा जास्त वजन देते. 'रस्ते' थोड्या पानांवर आहे, आणि तक्रारीत तो तुमच्या भाषणापेक्षा जास्त वेळा आलाय. तुमचं नाव सगळ्याच पानांवर आहे, म्हणून त्याचं वजन शून्य."

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "या गावात माझ्या नावाला वजन नाही म्हणतेस? जपून बोल. तुझं कंत्राट माझ्या सहीवर आहे."

नूतन जागची हलली नाही. "साहेब, 'आणि' हा शब्दही सगळ्या पानांवर आहे. त्याला कधी कुणी शोधलंय?"

साहेबांनी पडद्याकडे पाठ फिरवली. मग तुटकपणे म्हणाले, "नाव काढ सगळीकडून. फक्त भाषणात ठेव."

"काढते. पण तक्रारीतलं राहील."

"का?"

"ते तुम्ही घालायला लावलेलं नाही, साहेब. लोकांनी लिहिलंय. आणि आता त्याला वजनही येईल."