पोटात पाणी, नाकावर लोखंड

एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव होते. त्या गावात एक शेतकरी राहत असे. त्याच्याकडे एक लहानसा ट्रॅक्टर होता, फळबागेच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाईल एवढा. अंगाने हलका, म्हणून शेतकऱ्याने त्याच्या मागच्या टायरांत पाणी भरून घेतले होते आणि पुढे नाकाडावर लोखंडी वजने टांगली होती. मागचे टायर जाड, खोल खाचांचे होते. मातीत नखे रोवावीत तसा तो चाले. हळू चाले, पण अडत नसे.

गावची देवी डोंगरावर होती. जत्रेच्या दिवशी ज्यांना चढण झेपत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांना शेतकरी ट्रॉलीत बसवून वर नेई. त्याचे वडील बैलगाडीतून नेत, म्हणून हा ट्रॅक्टरने नेई. दुपारच्या आरतीचे तबक गावातल्या सगळ्यांत थोरल्या बाईने धरायचे, अशी तिथली रीत होती.

मागच्या जत्रेला तो मान एका आजीकडे पहिल्यांदाच आला होता. पण ट्रॅक्टर डुलत डुलत वर पोहोचला, तोवर आरती होऊन गेली होती. रिकाम्या हातांनीच आजीने देवीला ओवाळले. ते रिकामे हात शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढून हलेनात.

त्यात पारावरची मंडळी त्याला चिडवू लागली. "पोटात पाणी, नाकावर लोखंड," ती म्हणत. "अरे, तुझा ट्रॅक्टर आहे का गाभण म्हैस?"

यंदाची जत्रा जवळ आली, तसा शेतकरी कामाला लागला. त्याने वजने उतरवली. खाचांचे टायर पाण्यासकट काढून ठेवले आणि डांबरी रस्त्यावर पळून गुळगुळीत झालेले दुसरे टायर एका मित्राकडून आणून बसवले. ट्रॅक्टर रस्त्यावर वासरासारखा उधळला. शेतकरी हरखून गेला.

त्याची बायको दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "अहो, तो जड आहे म्हणून उशीर नव्हता झाला. आपण उशिरा निघालो म्हणून झाला. यंदा न्याहारीआधी निघू."

शेतकरी हसला आणि म्हणाला की, आता बघच. मग तिने ती वजने उचलून अंगणातल्या वाळवणाच्या कापडावर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून.

जत्रेच्या दिवशी ट्रॉली भरली. आजी नवे लुगडे नेसून पुढेच बसली. सपाटीवर ट्रॅक्टर भुर्रकन गेला, पण चढावर मुरूम लागला आणि मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. शेतकऱ्याने आणखी जोर दिला. चाकांना एकदम पकड मिळाली आणि पुढची चाके जमिनीवरून उचलली गेली. ट्रॅक्टर घोड्यासारखा मागच्या पायांवर उभा राहू पाहत होता.

शेतकऱ्याने झटकन क्लच दाबला. पुढची चाके धपकन खाली आली. त्याने ब्रेकवर पाय रोवला, पण गुळगुळीत चाके घसरून ट्रॉली थोडी मागे सरकलीच. चढ लागताच ट्रॉलीतून उतरून मागून चालत येणाऱ्या बायकोने चाकांमागे दगड लावले, तेव्हा ती थांबली. कोणाला खरचटलेसुद्धा नाही.

दोघांनी एकेकाला धरून खाली उतरवले आणि वडाच्या सावलीत बसवले. शेतकऱ्याने मान खाली घालून सांगितले की, चूक माझी आहे, आता घरी जाऊन सगळे पहिल्यासारखे करून येतो.

"ये सावकाश," आजी म्हणाली. "आम्हाला कुठं पेरणीला जायचंय?"

घरच्या अंगणात तो नट आवळत असतानाच डोंगरावरून दुपारच्या आरतीची घंटा ऐकू आली. शेतकऱ्याने डोळे पुसले आणि पुन्हा पाना धरला. वाळवणावरची वजने उचलून त्याने ट्रॅक्टरच्या नाकाडावर टांगली.

तो वडाखाली परतला, तेव्हा म्हातारी मंडळी शेंगदाणे खात जुन्या ओव्या म्हणत बसली होती. ट्रॅक्टर त्यांना घेऊन निघाला. पारावरची मंडळी जत्रा आटोपून उतरत होती. त्यांनी वजनांकडे पाहिले आणि बाजूला होऊन वाट दिली. मुरमाच्या चढावर चाके एकदाही जागच्या जागी फिरली नाहीत.

वर पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. देवळात पुजारी एकटाच होता. त्याने सांजेच्या आरतीचे तबक आजीच्या हाती दिले. हात कापत होते, म्हणून शेतकऱ्याच्या बायकोने खालून आधार धरला.

आरती झाल्यावर शेतकरी हळूच म्हणाला, "आजी, तुमचा दुपारचा मान माझ्यामुळं हुकला."

"दुपारच्या गर्दीत देवी दिसली असती का रे मला?" आजी म्हणाली. "आता कशी समोर बसून बोलली. आणि गेल्या वर्षी मी रुसले नव्हते, लेकरा. तू वर आणलंस, तेवढं पुरे होतं."

उतारावर त्या जड ट्रॅक्टरने ट्रॉली अशी सांभाळून आणली की, निम्मी मंडळी पेंगली.

पुढच्या जत्रेला शेतकऱ्याच्या बायकोने त्या वजनांना हळदकुंकू लावले. न्याहारीआधीच सगळी निघाली, आणि दुपारच्या आरतीचे तबक आजीने धरले.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर चार माणसे बसतात, त्याने आपले वजन टाकून धावू नये; वेळेवर पोहोचायचे असेल, तर लवकर निघावे.