सक्तीची रजा

“आणि समजा, मी रजेवर गेलोच नाही, तर?”

मठाच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या उभ्याच मोरेश्वर निमकरांनी विचारलं. चढ चढून आल्याचा घाम पुसायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

भवानगिरी बुवा चुलीवरच्या पातेल्यात आमटी ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बस आधी. काय झालं?”

निमकर बसले आणि बोलत सुटले. बँकेचा नियम असा, की जबाबदारीच्या जागेवरच्या माणसाने वर्षातून काही दिवस सक्तीने रजा घ्यायची. शाखेकडे फिरकायचं नाही, फोनही करायचा नाही. त्या दिवसांत दुसऱ्याने त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याचं काम पाहायचं, म्हणजे काही चुकलंमाकलं किंवा लपवलेलं असेल तर उघड होतं. निमकर काही ना काही सबब काढून हे टाळत आले होते. या खेपेला वरून कोणी ऐकलं नाही. उद्यापासून, सोमवारपासून, त्यांच्या खुर्चीत देवयानी बसणार होती. तिला त्यांनीच बोट धरून काम शिकवलं होतं.

आयुष्य या नोकरीत गेलं होतं. बदली आली की बिऱ्हाड पाठीवर. कर्ज मागणाऱ्याचा चेहरा वाचायचा, नाही म्हणायचं तेही न दुखावता. मित्राला आणि परक्याला नियम एकच. शैला गेली तेव्हासुद्धा बायकोचं दिवसकार्य उरकून ते थेट शाखेत जाऊन बसले होते.

“आणि एवढं करून माझ्यावर संशय. बुवा, मी उद्या राजीनामा देतो.”

बुवा ढवळत राहिले.

“रजेत घरी काय करशील?”

घरी... भर दुपारी ते घर कसं दिसतं, हे शैला गेल्यापासून त्यांनी पाहिलंच नव्हतं.

“काही नाही,” ते म्हणाले.

नैवेद्य झाला. ओसरीवर पानं मांडली गेली. बुवांनी आमटीची बादली आणि ओगराळं निमकरांच्या हातात दिलं.

“आज तू वाढ.”

आणि स्वतः जाऊन भागामावशींच्या शेजारी मांडी घालून बसले. मावशी मठातली भांडी घासायच्या, रोज तिथेच जेवायच्या. त्यांनी अंग चोरून जागा केली. पंगतीत कुजबुज झाली, कारण बुवांना पानावर बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. स्वयंपाक तेच करत, तेच वाढत. देवाच्या आधी चव घ्यायची नाही आणि आपण संध्याकाळी दूधभाकरीवर राहायचं, हा त्यांचा नेम.

निमकरांनी वाढलं. बुवांनी भात कालवला, घास घेतला... आणि थांबले.

“भागा, आमटी खारट झालीये.”

“रोजच असते,” मावशी म्हणाल्या.

“आणि आजवर बोलली नाहीस?”

“तुम्ही ओगराळं घेऊन डोक्यावर उभे. सांगायचं कसं?”

पंगत हसली. सगळ्यांत मोठ्याने बुवाच हसले.

निमकर मात्र हसले नाहीत. ओगराळं धरून ते तसेच उभे राहिले. मावशींनी त्यांच्याकडे मान वळवली.

“साहेब, त्या कडेच्या म्हाताऱ्याला तुम्ही आमटी वाढलीच नाहीत.”

निमकरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पानं पाहत पाहत ते कडेला गेले. म्हातारा खरंच कोरडा भात चिवडत बसला होता.

“राहून गेलं, बाबा,” ते म्हणाले आणि वाकून वाढू लागले.

सगळ्यांना वाढून झाल्यावर ते त्या म्हाताऱ्याशेजारीच पान घेऊन जेवले. आमटी खारटच होती. तरी त्यांनी पान स्वच्छ केलं. किती दिवसांनी कुणाच्या तरी शेजारी बसून ते जेवले होते...

उन्हं कलली. निमकर चपला घालायला पायरीवर आले. बुवा तिथेच सुपारी कातरत बसले होते.

“निघतो, बुवा. उद्या...”

चपलेत घातलेला पाय त्यांनी परत बाहेर काढला.

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

“उद्या मीठ तू घाल. आम्ही सांगू.”