मंदाताईंचा झऱ्यांचा नकाशा

डोंगरउतारावरच्या एका गावात मंदाताई पोटकुले राहत. गावाच्या पाणी समितीचे काम त्या बघत. त्या वर्षी गावाला नळयोजना मिळणार होती. पण ज्या वाडीचे झरे नकाशात असतील, त्याच वाडीला पाणी, असा नियम होता. मंदाताई दोन महिने रानात हिंडल्या. त्यांनी एकोणीस झरे शोधले. त्यातले पाच वरच्या वाडीचे. त्या वाडीचे नाव आजवर एकाही योजनेत आले नव्हते.

नकाशा पाठवायच्या शेवटच्या दिवशी त्या सकाळपासून पंचायतीच्या संगणकावर बसल्या. सगळे झरे भरून झाले. आता नकाशा जतन करायचा, तर पडद्यावर ओळ उमटली : ‘फाइल जतन करता येत नाही.’ पुन्हा केले, पुन्हा तेच. तीन वाजले होते. भारनियमनामुळे चारला वीज जाणार होती, आणि वीज गेली की दिवसभराचे काम पुसले जाणार होते.

वरच्या वाडीची धोंडाबाई दाराशी बसून होती. ती म्हणाली, “ताई, आमचं राहतंय का या वेळी पण?”

सरपंच दगडूअण्णा वैतागले. “हे त्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं काम. ऊठसूट अडवतंय. बंद करून टाका!”

मंदाताईंनाही क्षणभर तसेच वाटले. पण त्याच संगणकात गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या, घरांचे उतारे होते. त्या म्हणाल्या, “अण्णा, का अडवतंय ते आधी बघू. बंद करायला काय, एक बटण पुरतं.”

त्यांनी एक साधे पत्र लिहिले आणि त्याच फोल्डरमध्ये जतन केले. ते झाले. म्हणजे जागा संपलेली नव्हती, फोल्डरही ठीक होता. अडवले जात होते ते फक्त नकाशाच्या प्रोग्रॅमला. मग त्यांनी सुरक्षा सॉफ्टवेअरमधली अडवलेल्यांची यादी उघडली. नकाशाचा प्रोग्रॅम तिथे होताच. त्यांनी तालुक्याच्या पाणी कार्यालयात फोन लावला. तिथले साहेब म्हणाले, “त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती कालच पाठवली आम्ही. तुमच्या सॉफ्टवेअरला ती अजून ओळखीची नसेल.” मंदाताईंनी आवृत्तीचा आकडा एकेक अंक वाचून जुळवला.

त्या परवानगी देणार, तोच त्यांची नजर यादीत खाली गेली. तिथे आणखी एका प्रोग्रॅमचे नाव होते. अक्षरांचा नुसता गुंता. त्याने गावाच्या नोंदींत सात वेळा हात घालायचा प्रयत्न केला होता, आणि सातही वेळा तो अडवला गेला होता.

दगडूअण्णांचा चेहरा उतरला. “ते मीच टाकलं असणार. पुतणीची लग्नपत्रिका करायला फुकट मिळत होतं.”

“बरं झालं सांगितलंत,” मंदाताई म्हणाल्या. “सुरक्षा बंद केली असती, तर आज याचंच फावलं असतं.”

त्यांनी परवानगी दिली ती एकट्या नकाशाच्या प्रोग्रॅमला. दुसरा प्रोग्रॅम काढून टाकला आणि संगणक तपासायला लावला. मग नकाशा जतन केला. झाला! वीज जायला नऊ मिनिटे असताना तो तालुक्याला पोहोचला.

दगडूअण्णांनी ग्रामसभेत आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. मग म्हणाले, “मोठ्या हापिसातसुद्धा लोक घाबरून सुरक्षा बंद करतात, ते आमच्या मंदाताईंनी केलं नाही. गावानं मान ताठ करून सांगावं असं काम आहे हे.” सभा उभी राहिली.

धोंडाबाई पुढे आली. “आमच्या वाडीचं नाव कुठं लिहिलंय, ते दाखवा.”

मंदाताईंनी भिंतीवर लावलेल्या झऱ्यांच्या नकाशावर बोट ठेवले. धोंडाबाईला वाचता येत नव्हते. तिने त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि वाडीच्या बायांकडे वळून म्हणाली, “हे बघा. हे आपण.”

तात्पर्य : राखण करणारा आपल्याच माणसाला अडवू लागला, तर राखण मोडू नये. अडवण्याचे कारण शोधावे, खात्री करावी आणि ज्याचा हक्क आहे त्यालाच वाट द्यावी.